डेक स्लॅबचे तडे: ड्रम, पिशवी आणि गोणपाट

बांधकाम रसायनांच्या दुकानात 'तडे रोखतो' असं छापलेले निदान चार माल समोर येतात. पांढऱ्या क्युअरिंग कंपाउंडचा, म्हणजे काँक्रीट कडक होत असताना त्यातलं पाणी टिकवणाऱ्या लेपाचा, २०० लिटरचा ड्रम, फायबरच्या पिशव्या, बाष्पीभवन रोखणाऱ्या द्रावाचा कॅन आणि चौघांत महाग असलेला, काँक्रीटमध्ये मिसळून आकुंचन कमी करणारा अ‍ॅडमिक्स्चर, म्हणजे साइटच्या भाषेत एसआरए. चौघांचाही दावा खोटा नाही. फक्त प्रत्येकाचा तडा वेगळा आणि वेळ वेगळी. पहिल्या तीन तासांत पडणाऱ्या भेगेसाठी एसआरए मागवायचा, सहा महिन्यांनी येणाऱ्या तड्यासाठी फायबर घालायचं आणि मग मालाच्या नावानं बोटं मोडायची, हा प्रकार फार. हे परीक्षण पुलाच्या डेक स्लॅबपुरतं, म्हणजे ज्यावरून गाड्या जातात त्या काँक्रीटच्या थरापुरतं आहे. घराच्या गच्चीला यातलं निम्मं लागू होईल, निम्मं नाही.

डेक स्लॅब वेगळा पडतो तो त्याच्या अंगकाठीमुळे. जाडी जेमतेम २०० ते २५० मिमी आणि उघडं अंग शेकडो चौरस मीटर. वरून ऊन, दोन्ही बाजूंनी मोकळा वारा. खाली गर्डर, म्हणजे स्लॅब पेलणारी तुळई, तो आधीच घडून बसलेला, स्लॅबबरोबर आखडायला तयार नाही. काँक्रीट वाळताना ५०० मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दहा लाख भागांतले ५००) आखडलं असं धरलं तर ३० मीटर लांबीवर १५ मिमी होतात. ताण सोसायची काँक्रीटची तयारी मात्र १०० ते १५० मायक्रोस्ट्रेनची. मधला हिशेब काही प्रमाणात क्रीप, म्हणजे सततच्या ताणाखाली काँक्रीटचं हळूहळू सैलावणं, फेडतं, उरलेला तड्यांत निघतो. म्हणूनच आडवे तडे, बहुतेक वेळा वरच्या आडव्या सळईच्या बरोब्बर माथ्यावर, मीटर दोन मीटर अंतराने. अमेरिकेत १९९६ साली निघालेल्या, एनसीएचआरपी या महामार्ग संशोधन कार्यक्रमाच्या ३८० क्रमांकाच्या अहवालाने तिथल्या लाखाहून जास्त पुलांच्या डेकवर असे लवकर पडलेले आडवे तडे असल्याचं नोंदवलं होतं. स्टीलच्या सलग गर्डरांवरचे स्लॅब त्यात जास्त सापडतात. तेव्हा कुठलाही ड्रम उघडण्याआधी एवढं मनाशी धरावं की गर्डरची अडवणूक बाटलीतून जात नाही.

पहिले तीन तास

आधी वाऱ्याचा हिशेब, कारण खरेदी त्यावर ठरते. ताज्या काँक्रीटवरून ताशी किती पाणी उडतं हे उनोच्या सूत्राने काढता येतं. हवेचं तापमान, काँक्रीटचं तापमान, आर्द्रता आणि वारा, एवढे चार आकडे पुरतात. मराठवाड्यातली एप्रिलची दुपार घ्या: हवा ३६ अंश, काँक्रीट ३२ अंश, आर्द्रता २५ टक्के, वारा ताशी २० किमी. उत्तर येतं चौरस मीटरला ताशी सुमारे १.५ किलो. म्हणजे १२ बाय ३० मीटरच्या स्लॅबवरून तासाला ५४० लिटर पाणी उडतंय. धोक्याची रेषा १ किलोची, आणि मालात सिलिका फ्यूम (अतिबारीक सिलिकाची भुकटी) असेल तर ०.५ची, कारण त्या मालाला वर पाणी सुटतच नाही. तीच भरणी पहाटे, हवा २४, काँक्रीट २८, आर्द्रता ५०, वारा ताशी ८ किमी अशा वेळी केली तर उत्तर ०.५च्या आसपास येतं.

यात एक गंमत आहे. डिसेंबरच्या पहाटे हवा १४ अंश, काँक्रीट २७ अंश, आर्द्रता ४० आणि वारा ताशी १५ किमी असला तरी सूत्र १च्या वरच जातं. गरम मालावरून थंड कोरडा वारा वाहिला की पाणी उडतंच. 'थंडी आहे, काही होत नाही' म्हणणाऱ्या मुकादमाला हा आकडा दाखवावा.

या तासांतल्या भेगा ओळखायला सोप्या असतात. एकमेकींना समांतर, बऱ्याचदा तिरक्या, हात-दोन हात लांब, तोंडाशी २ मिमीपर्यंत रुंद, कडेपर्यंत न पोचणाऱ्या. सळईच्या रेषेवर सरळ धावणारी भेग दिसली तर ती वेगळी. माल खाली बसला आणि सळईवर अडला, ती बसकणीची भेग. तिच्यावर उतारा म्हणजे वेळेवर पुन्हा वायब्रेटर आणि सळईवर काँक्रीटचं नीट कव्हर. दुकानातला कुठलाही माल तिला बरा करत नाही.

बाष्पीभवन रोखणारा द्राव

चौघांत कमी खपणारा आणि आमच्या मते पैशाला सगळ्यात जास्त पुरणारा. मास्टरक्युअर ईआर ५०, जुनं नाव कॉन्फिल्म, हा यातला जगभर माहीत असलेला माल. एक भाग द्राव, नऊ भाग पाणी, आणि फवारा लिटरला ५ ते १० चौरस मीटर. पृष्ठभागावर रेणूएवढ्या जाडीची साय धरते आणि पाणी खाली कोंडते. वाऱ्यात बाष्पीभवन ८० टक्के आणि उन्हात ४० टक्के कमी होतं असा कंपनीचा दावा आहे. दावा बाजूला ठेवला तरी स्क्रीड (पट्टी मारणं) आणि फ्लोट (घोटणं) यांच्या मधल्या अर्ध्या-पाऊण तासात स्लॅब ओलसर राहतो हे डोळ्यांना दिसतं.

बिघडतं ते वापरात. गवंड्याच्या दृष्टीने हे 'फिनिशिंगचं पाणी' असतं. तो फवारतो आणि लगेच फ्लोटने रगडतो. नऊ भाग पाणी वरच्या दोन मिलिमीटरमध्ये घोटलं की तिथला पाणी-सिमेंट रेशो बिघडतो आणि पुढे वरचा पापुद्रा धुळीसारखा सुटतो. फवारा पट्टी मारून झाल्यावर द्यायचा, साय मोडली की पुन्हा द्यायचा, पण फिनिशिंगला ओल म्हणून वापरायचा नाही. दुसरी गल्लत म्हणजे हाच माल क्युअरिंग कंपाउंड समजणं. हा तासाभराचा पाहुणा आहे, रात्र काढत नाही.

फायबर

पॉलिप्रॉपिलीनचे १२ मिमी लांबीचे बारीक तंतू, घनमीटरला ९०० ग्रॅम. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. त्या प्लास्टिकची घनता ०.९१ आहे, म्हणजे ९१० ग्रॅम बरोबर एक लिटर, घनमीटरच्या ०.१ टक्का. काही देशी माल ५० किलोच्या सिमेंटच्या बॅगेला १२५ ग्रॅम असा विकला जातो. ४२० किलो सिमेंटच्या मालात त्याचे १,०५० ग्रॅम होतात, हिशेब फार लांब नाही. ६ मिमीची पिशवी प्लास्टरची, ती डेकच्या मालात घालू नका. दुकानदार तीच काढून देतो, कारण ती जास्त खपते.

काम चोख करतं, पण फक्त पहिल्या काही तासांत. काँक्रीट अजून दह्यासारखं असतं तेव्हा सुरू होणारी भेग तंतू शिवून धरतात. एकदा काँक्रीट कडक झालं की एवढ्या थोड्या, एवढ्या लवचीक प्लास्टिकचा जोर चालत नाही. वाळून होणारं आकुंचन फायबर कमी करत नाही, सळई वाचवत नाही, ताकद वाढवत नाही. 'फायबर घातलंय, तापमानाची सळई कमी करा' असं सुचवणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावावं.

आता त्रास. फायबर पडलं की स्लंप, म्हणजे मालाच्या सैलपणाचं माप, २०-३० मिमी खाली बसतो. माल कोरडा दिसतो. पंपवाला ओरडतो आणि ड्रायव्हर ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सोडतो. ६ घनमीटरच्या गाडीत ३० लिटर म्हणजे घनमीटरला ५ लिटर. आकुंचनाचं मूळ मालातल्या पाण्यात आहे, म्हणजे भेग शिवायला पिशवी घेतली आणि उसवायला पाणी घातलं. स्लंप हवा असेल तर पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या प्लास्टिसायझरचा डोस प्लँटवरच वाढवून घ्यावा, आणि चलनावर गाडीत घालायचं पाणी 'शून्य' लिहून घ्यावं.

घालायची पद्धतही महत्त्वाची. प्लँटवर खडीच्या पट्ट्यावर मोकळं करून टाकलं तर उत्तम. साइटवर घालायची वेळ आलीच तर ड्रम पूर्ण वेगात फिरवत पिशव्या एकेक सोडायच्या आणि त्यानंतर पाच मिनिटं वेग उतरवायचा नाही. सगळ्या पिशव्या एकदम ढकलल्या की लिंबाएवढे गोळे होतात आणि पंपाच्या जाळीवर अडकतात. एक तपासणी सोपी आहे. गाडीतून पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन नमुने घ्या, दर नमुन्याचा लिटरभर माल बादलीत पाण्याने सैल करा. तंतू वर तरंगतात. गाळून वाळवले की लिटरला ०.९ ग्रॅमच्या जवळपास भरायला हवेत. तीन नमुन्यांत दुपटीचा फरक दिसला तर मिसळणं फसलंय. झाडूचा पोत दिल्यावर वर उभे राहणारे केस पाहून साहेब घाबरतात, ते दिसायलाच वाईट.

पांढरा ड्रम

सगळ्यात जास्त विकला जाणारा, सगळ्यात जास्त वाईट वापरला जाणारा. दोन जाती आहेत, मेणाची आणि रेझिनची. कामाच्या मालयादीत (बिल ऑफ क्वांटिटीजमध्ये) नुसतं 'क्युअरिंग कंपाउंड' लिहिलं की साहजिकच स्वस्तातला मेणाचा येतो. मोजमाप लावायचं ते एएसटीएम सी ३०९ या अमेरिकी मानकाचं: ७२ तासांत पाण्याची घट चौरस मीटरला ०.५५ किलोपेक्षा जास्त नको. चाचणी ३७.८ अंश तापमानाला आणि ३२ टक्के आर्द्रतेत होते, म्हणजे आपल्या उन्हाळ्याला शोभेल अशीच. थरही ठरलेला आहे, लिटरला ५ चौरस मीटर. सर्टिफिकेट मागताना घटीचा आकडा आणि थराचा आकडा दोन्ही पाहा. दुप्पट जाड थरावर चाचणी पास करून आणणं काही अवघड नाही.

सर्टिफिकेटवर भरवसा नसेल तर साइटवर कच्ची चाचणी करता येते. ३० बाय ३० सेमीचे, ५ सेमी खोल दोन पत्र्याचे ट्रे घ्या. त्याच मालातली खडी चाळून काढलेला मॉर्टर भरा, चमक गेली की कडा मेणाने बंद करा. एका ट्रेवर १८ मिलि कंपाउंड फवारा, हाच लिटरला ५ चौरस मीटरचा थर. दुसरा उघडा ठेवा. एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर लगेच वजन करा आणि तीन दिवसांनी पुन्हा. कंपाउंडमधलं स्वतःचं पाणीही उडतं, म्हणून तेवढेच १८ मिलि कोऱ्या पत्र्यावर फवारून त्याची घट वजा करायची. ०.०९ चौरस मीटरच्या ट्रेला मर्यादा येते ५० ग्रॅमच्या आसपास. प्रयोगशाळेच्या खोलीइतकी शिस्त यात नाही, पण पातळ केलेला ड्रम यात लपत नाही.

फवारणीची वेळ हीच खरी परीक्षा. वर सुटलेलं पाणी गेलं, चमक मावळली, पण पृष्ठभाग अजून ओलसर दिसतोय, तो क्षण. आधी मारलं तर साय पाण्यावर तरंगते, फुगते आणि फाटते. उशीर झाला तर कोरडं काँक्रीट कंपाउंड पिऊन टाकतं, वर काही उरत नाही. दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याला काटकोनात. पांढरा रंग उन्हापासून वाचवतो आणि सुटलेली जागाही लगेच दाखवतो. पांढरा ड्रम घ्यायचं मोठं कारण हेच.

हिशेब काडीने तपासावा. ३६० चौरस मीटरला लिटरमागे ५ चौरस मीटर धरलं तर ७२ लिटर. झाडूचा पोत असेल तर क्षेत्र वाढतं, ९० लिटर धरा. ड्रममध्ये भरणीआधी आणि फवारणीनंतर काडी बुडवून पातळी मोजा. ४० लिटर गेले असतील तर स्लॅब पांढरा दिसत असला तरी थर अर्धाच आहे. आणखी एक: रंगद्रव्य तळाला बसतं. ड्रम न ढवळता वरचं काढलं तर पहिल्या स्पॅनला पाणचट आणि शेवटच्याला मलई, असं होतं. खांद्यावरच्या फवारणी पंपाचं नोझल मेणाने तुंबतं, जास्तीचे दोन जवळ ठेवा. वारा सुटला असेल तर निम्मा फवारा नदीत जातो.

मेणाच्या जातीवर आमचा मोठा आक्षेप एकच. आपल्याकडे डेकवर बहुतेक वेळा वॉटरप्रूफिंगचा थर किंवा मास्टिक अस्फाल्टचं वेअरिंग कोट, म्हणजे झीज सोसणारा वरचा थर, येतं. मेणावर त्यातलं काहीच धरत नाही. पुढे ब्रेक लागतात तिथे थर सरकतो, उन्हात फुगे येतात. मेण काढायचं तर शॉट ब्लास्टिंग किंवा जोराच्या पाण्याचा मारा लागतो. तो खर्च धरला तर स्वस्त ड्रम महाग पडतो. वर थर येणार असेल तर उन्हात विरणारी रेझिनची जात घ्या, आणि ती खरोखर विरली का हे पाण्याचे थेंब टाकून पाहा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर साय अजून आहे. क्रॅश बॅरियरच्या उभ्या सळया आणि पुढच्या भरणीचा जोड यांवर फवारा जाऊ देऊ नका. तिथे नव्या काँक्रीटला पकड हवी असते.

गोणपाट

ड्रमच्या परीक्षणात गोणपाट कशाला, असं वाटेल. कारण डेकवर त्याच्याइतका निकाल कुणाचाच नाही, अट एवढीच की ते वेळेवर पडायला हवं. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाने कमी तडकणाऱ्या डेकसाठी जे स्पेसिफिकेशन बसवलं त्यात पट्टी मारून झाल्यावर १० मिनिटांच्या आत भिजलेलं गोणपाट स्लॅबवर यायला हवं, अशी अट होती. गोणपाट आदल्या दिवसापासून १२ तास भिजवलेलं, वर सतत ठिबकणाऱ्या नळ्या, त्यावर पांढरं प्लास्टिक, आणि असे १४ दिवस. कंपाउंड त्यानंतर, पुढचं वाळणं मंद व्हावं म्हणून. त्यांच्याकडे काँक्रीटवरूनच गाड्या धावतात, म्हणून त्यांना ते परवडतं.

आपल्याकडची रीत अशी: भरणी दुपारी संपते, दुसऱ्या दिवशी सकाळी मॉर्टरची आळी बांधून पाणी भरतात. आळी वाईट नाहीत, ५० मिमी पाणी उभं राहिलं की क्युअरिंग उत्तमच. पण भेगा आदल्या दुपारी पडून गेलेल्या असतात. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या-गरम हवेत १० दिवस आणि फ्लाय अ‍ॅश किंवा जीजीबीएस (पोलाद भट्टीच्या मळीची भुकटी) असेल तर शक्यतो १४ दिवस सांगतं. त्यात पहिले १८ तास उघडे गेले तर उरलेल्या दिवसांना तो खड्डा भरून काढता येत नाही.

गोणपाटाचेही दोष आहेत. नवं कोरं गोणपाट धुऊन घ्या, त्यातली खळ काँक्रीटवर डाग पाडते. दुपारी ते वाळलं तर वातीसारखं उलट स्लॅबचंच पाणी ओढतं. आणि तापलेल्या स्लॅबवर टँकरचं गार पाणी एकदम सोडू नका, पाणी आणि काँक्रीट यांच्यात ११ अंशांपेक्षा जास्त फरक नको. माणसं चालण्याइतका स्लॅब घट्ट नसतो तेव्हा गोणपाट टाकायला आडवा हलका पूल लागतो. ठेकेदार टाळतो तो याच पुलाचा खर्च.

एसआरए

छिद्रांतल्या पाण्याचा पृष्ठताण कमी करणारा द्रव. साध्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन. तो खाली आला की वाळताना छिद्रांच्या भिंती आत ओढणारं बळही घटतं. जपानमध्ये १९८०च्या दशकात सुरुवात झाली. डोस सिमेंटच्या वजनाच्या १ ते २ टक्के, साधारण घनमीटरला ५ ते ७ लिटर. जेवढे लिटर घालाल तेवढं पाणी मिक्समधून कमी करायचं, हे विसरलं तर पैसे गेले. वाळण्याचं आकुंचन पाव ते निम्म्याने कमी होतं. बदल्यात थोडी ताकद जाते, सेटिंग थोडं लांबतं. हवा कोंडणारा अ‍ॅडमिक्स्चर वापरत असाल तर दोघांचं पटत नाही, पण महाराष्ट्रात काँक्रीटमधलं पाणी गोठण्याचा प्रश्न नसल्याने ते दुखणं आपल्याला कमीच.

घ्यावा कुणी? स्टीलच्या सलग गर्डरवर डेक असेल, तिरकस पुलाचे कोपरे असतील, जुन्या स्लॅबला नवी पट्टी जोडायची असेल, तर जरूर. साध्या आधारावरच्या प्रीस्ट्रेस्ड गर्डरला बहुधा गरज नाही. आणि घेण्याआधी मिक्सकडे पाहा. कॅन्ससच्या त्या मालात सिमेंट घनमीटरला ३०० ते ३२० किलोच्या आसपास, पाणी-सिमेंट रेशो ०.४३ ते ०.४५, स्लंप कमी. आपल्याकडे पंप सुरळीत चालावा म्हणून ४५० किलोपर्यंत चढतात, जिथे आयएस ४५६ची वरची मर्यादा आहे. आकुंचन पावते ती पेस्ट, खडी नव्हे. पेस्ट कमी केली, २० मिमी खडीची श्रेणी सुधारली तर एसआरएचा बराचसा परिणाम फुकट मिळतो. आपल्याकडच्या एक्स्पोजरच्या, म्हणजे हवा-पाण्याच्या माऱ्याच्या, अटींमुळे सिमेंट ३०० पर्यंत आणता येईलच असं नाही, पण ४५० आणि ३६० यांत पुष्कळ अंतर आहे. चाचणी मागायची ती ७५ बाय ७५ बाय २८५ मिमीच्या प्रिझमची, एएसटीएम सी १५७प्रमाणे, तुमच्याच खडी-सिमेंटवर. कंपनीच्या माहितीपत्रकातला टक्का त्यांच्या खडीचा असतो.

एवढं करूनही तडा आला तर

काँक्रीटच्या पुलांसाठीच्या आयआरसी ११२ या भारतीय संहितेत तड्याच्या रुंदीच्या मर्यादा परिस्थितीनुसार ०.२ ते ०.३ मिमीच्या. भिंगाच्या मापकाने मोजा, सकाळी आणि दुपारी वेगळा आकडा येतो, दोन्ही लिहा. बारीक, न हलणाऱ्या तड्यांना पाण्याइतकं पातळ मेथाक्रिलेट रेझिन चांगलं. ते स्वतःच्या वजनाने आत उतरतं. कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकापासून डेकवर वापरतात. तडा पूर्ण कोरडा हवा, धूळ झाडलेली हवी, आणि वरून वाळू पसरायची, नाहीतर गाड्या घसरतात. यात तीन डबे येतात: रेझिन, प्रमोटर आणि इनिशिएटर. प्रमोटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग इनिशिएटर. प्रमोटर आणि इनिशिएटर थेट एकत्र केले तर स्फोट होतो. ते दोन डबे साइटवर एका कपाटातसुद्धा ठेवू नयेत.